स्लाइड की फ्लोट

परवा रात्री पावणेअकराला भाचीचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. तोंडात फेस, एका हातात ब्रश, फोन स्पीकरवर टाकून बेसिनच्या कडेला ठेवलेला. हॅलो बिलो काही नाही, तिने थेट विचारलं, "मामा, स्लाइड करू की फ्लोट?" आणि मी फेस थुंकून, आरशात स्वतःकडे बघत, एका सेकंदात सांगून टाकलं, "नाव सोडू नकोस." पलीकडून "बरं" आलं आणि फोन कट. चूळ भरून टॉवेल शोधेपर्यंत मला काहीच वाटलं नाही. मग दिवा बंद करून पडलो आणि अंधारात एकदम लख्ख झालं, हे मी बोललो? मी? गेली सव्वीस वर्षं जो भेटेल त्याला ऐकवत आलोय की मला विषय हवा होता आणि नाव गळ्यात बांधलं गेलं, तो मी?

ज्यांच्या घरात अलीकडे बारावीचं पोर होतं त्यांना हे शब्द पाठ असतील. बाकीच्यांसाठी एवढंच की आयआयटी-एनआयटीच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे जोसात, एखाद्या राउंडला सीट लागली की तुम्हाला तीनपैकी एक बटण दाबायचं असतं. फ्रीझ म्हणजे मिळालं ते घेतलं, विषय संपला. स्लाइड म्हणजे संस्था हीच ठेवा, पण याच संस्थेत माझ्या यादीतली वरची ब्रांच सुटली तर ती द्या. आणि फ्लोट म्हणजे माझ्या यादीत वर जे काही आहे, मग ते कुठल्याही संस्थेतलं असो, ते मिळालं तर द्या, हातातली सीट गेली तर गेली. ही नावं देणारा कोण माणूस असेल त्याला भेटायला पाहिजे एकदा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना तो विचारतोय की घसरणार की तरंगणार.

तर हिला लागली होती एका जुन्या, नाव घेतलं की समोरचा भुवया उंचावतो अशा आयआयटीत मेटलर्जी, म्हणजे धातूंचं शास्त्र. आणि यादीत त्याच्याही वर तिने स्वतःच टाकलेलं होतं एका एनआयटीतलं इलेक्ट्रॉनिक्स, जे या राउंडला थोडक्यात हुकलं होतं आणि पुढच्या राउंडला लागेल अशी बरीच शक्यता होती. ही मुलगी आठवीपासून सोल्डरिंग गन घेऊन बसते. तिच्या खोलीत गेलं की तो रोझिनचा जळका गोडसर वास येतो, गादीवर तुटक्या वायरी, आणि अंगठ्याच्या बाजूला भाजल्याचा एक पांढरा डाग आहे जो ती कौतुकाने दाखवते. मेटलर्जीबद्दल तिला काहीही माहीत नाही. वाईट विषय आहे असंही नाही, पण माहीतच नाही. तरी यादी भरताना तिने तो टाकला कारण त्या संस्थेचं नाव यादीत नसणं कसंतरी वाटत होतं म्हणे. कसंतरी! हा शब्द मला नीट कळतो.

मला जिऑलॉजी हवं होतं. का हवं होतं याचं कारण सांगायला गेलो की मोठं काहीतरी निघत नाही. दगड आवडायचे. उचलून खिशात भरायचो, खिसे फाटायचे, आई ओरडायची. बारावीनंतर हातात दोन पत्रं आली. एक छोट्या विद्यापीठाचं, जिऑलॉजीला प्रवेश. दुसरं मोठ्याचं, स्टॅटिस्टिक्सला. मोठ्यात जिऑलॉजीही होतं पण तिथे माझा नंबर लागला नव्हता. दोन्हीकडे फी भरायची शेवटची तारीख एकच. त्या रात्री बाबा आणि मी वही घेऊन बसलो आणि सकाळी मी स्टॅटिस्टिक्सची फी भरायला रांगेत उभा होतो. घरात ही गोष्ट कायम "बाबांनी ठरवलं" अशीच सांगितली गेली. मी सांगायचो, आई मान हलवायची, बाबा काही म्हणायचे नाहीत. हसायचे फक्त.

खरं सांगू तर नाव कामाला आलं. हे मी फार कमी वेळा कबूल करतो. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत पॅनेलवरच्या माणसाने बायोडेटाची पहिली ओळ वाचली आणि खुर्चीत जरा मागे टेकून बसला, आता हा बरा असणार असं गृहीत धरल्यासारखा. माझं अजून तोंडही उघडलं नव्हतं. तो मागे टेकण्याचा जो कर्र आवाज झाला खुर्चीचा, ते म्हणजे विद्यापीठाचं नाव. दुसऱ्या नोकरीला पण थोडा ऐकू आला तो आवाज. तिसऱ्याला कोणी विचारलंच नाही कुठून शिकलास, तिथे फक्त काय केलंयस ते विचारलं. म्हणजे नावाचा करंट साधारण सहा-सात वर्षं पुरला म्हणायचा. आणि स्टॅटिस्टिक्स? ते रोज पुरलं. आजही पुरतंय. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी त्याच्याबरोबरच बसलेला असतो, आमचं भांडण नाही, प्रेमही नाही, जुन्या शेजाऱ्यासारखं झालंय.

पण तिसऱ्या सेमिस्टरला एक गोष्ट झाली. आमच्या बिल्डिंगच्या मागे जिऑलॉजीचा विभाग होता, जिथे मला घेतलं नव्हतं तोच. दुपारच्या सुट्टीत मी तिथल्या म्युझियमच्या खोलीत जाऊन उभा राहायचो. म्युझियम कसलं, लाकडी ड्रॉवर्सची लांबच लांब कपाटं, प्रत्येक ड्रॉवरला पितळी कडी, आत कापसावर ठेवलेले दगड आणि पिवळी पडलेली चिठ्ठी. तिथला लॅब असिस्टंट मला आठ-दहा दिवस नुसता बघत होता. एक दिवस त्याने एक ड्रॉवर ओढला, चकचकीत काळसर, जवळजवळ स्टीलसारखा दिसणारा एक दगड माझ्या हातात दिला, जड होता चांगलाच, आणि म्हणाला रंग सांग. म्हटलं काळा. मग त्याने एक पांढरी खरखरीत पोर्सिलेनची फरशी पुढे केली, ग्लेझ नसलेली, आणि म्हणाला घास. घासला तर फरशीवर विटकरी लाल रेघ उमटली. हेमॅटाइट. वरून कसाही दिसो, काळा, करडा, चंदेरी, रेघ लालसरच येणार. पायराइटची उलट तऱ्हा, सोन्यासारखं पिवळंधमक दिसतं आणि रेघ हिरवट काळी. खऱ्या सोन्याची रेघ पिवळीच. सोनार कसोटीवर घासून बघतो ते दुसरं काय असतं. त्या दिवशी स्टॅटिस्टिक्सचं दुपारचं लेक्चर बुडालं माझं. जाताना त्या माणसाने मला फरशीचा एक फुटका तुकडा दिला, म्हणाला तसाही टाकायचाच होता. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, लाल रेघेसकट. भाची लहान असताना त्यावर पेन्सिली घासायची.

तो तुकडा पाहिला की मी स्वतःची कीव करायला मोकळा होतो, हे पण खरंय.

कारण माझ्याच वर्गातला एक मित्र त्या छोट्या विद्यापीठात गेला होता, जिऑलॉजीला. माझी सोडलेली सीट त्यालाच मिळाली असं मी गमतीने म्हणतो. पहिलं वर्ष त्याचं स्वप्नासारखं गेलं, एक सर होते, हातोडा आणि खांद्याला झोळी, रविवारी पोरांना घेऊन डोंगर चढायचे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात ते सर रिटायर झाले. जागा भरलीच नाही. वर्षभर ही पोरं मागच्या बॅचच्या झेरॉक्सवर अभ्यास करत होती, आणि मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात अर्धा प्रॅक्टिकलचा वेळ जायचा. छोट्या जागी विषय बऱ्याचदा एका माणसाच्या खांद्यावर उभा असतो, हे प्रॉस्पेक्टसमध्ये लिहीत नाहीत. तो आज भूजलाच्या सर्व्हेचं काम करतो, उन्हात हिंडतो, आवडतं त्याला. पण दोन वर्षांपूर्वी भेटलो तेव्हा म्हणाला, तुला निदान लोक विचारतात तरी कुठे शिकलास, मला विद्यापीठाचं नाव सांगून वर ते कुठे आहे ते पण सांगावं लागतं. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. एकमेकांच्या ताटात काय आहे ते बघत होतो बहुतेक.

डार्विनचं एक मला फार आवडतं. उत्क्रांतीवाला नाही, त्याच्या आधीचा, कॉलेजातला. १८२५ साली सोळाव्या वर्षी त्याला वडिलांनी एडिनबराला मेडिकलला घातला. तेव्हा मेडिकल म्हटलं की एडिनबरा, त्याहून मोठं नाव शोधायला लागलं असतं. भूल नावाचा प्रकार अजून यायचा होता, तशा ऑपरेशनमधून हा पळून आला आणि दोन वर्षांत शिक्षणच सोडलं. पण तिथे त्याने जिऑलॉजीची लेक्चर्सही ऐकली होती, आणि ती इतकी रटाळ होती की जन्मात या विषयाचं पुस्तक हातात धरायचं नाही असं त्याने ठरवलं, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मग केंब्रिज, पाद्री व्हायच्या तयारीने. तिथे हेन्स्लो भेटले, वनस्पतीशास्त्राचे, जे पोरांना घेऊन मैलोन् मैल चालायचे. त्यांच्या आग्रहाने १८३१ च्या उन्हाळ्यात हाच डार्विन सेजविक या जिऑलॉजीच्या प्राध्यापकाबरोबर वेल्समध्ये दगड बघत हिंडला, आणि त्याच वर्षअखेर बीगल जहाजावर चढला तो जिऑलॉजीच्या वह्या भरायलाच. ज्या विषयाला त्याने जन्माची सुट्टी दिली होती! आता यात विद्यापीठ जिंकलं की विषय? एडिनबराचं नाव फुकट गेलं, जिऑलॉजी पण फुकट गेलं, आणि केंब्रिजात जे कामाला आलं ते त्याच्या डिग्रीत नव्हतंच. मी हे उदाहरण पोरांना सांगायचं बंद केलंय कारण त्यातून काय घ्यायचं ते मलाच कळत नाही, पण आठवतं खरं.

झोप येत नव्हती म्हणून उठून लॅपटॉप उघडला. धंदाच तो, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. यावर लोकांनी अभ्यास केलेत. अमेरिकेत डेल आणि क्रूगर यांचा २००२ चा पेपर आहे, त्यांनी अशी मुलं घेतली ज्यांना सारख्याच तोडीच्या कॉलेजांनी होकार-नकार दिले होते, पण काही नामांकित ठिकाणी गेली आणि काही साध्या. पुढे जाऊन पगारात म्हणण्यासारखा फरक नाही. अपवाद गरीब घरातल्या मुलांचा, त्यांना नावाचा फायदा दिसला, आणि हे मला अगदी पटतं, कारण ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्यासाठी ती खुर्ची मागे टेकण्याचा आवाज फार मोठा असतो. दुसरा नॉर्वेचा, २०१६ चा, किर्केबोएन, लॉयव्हेन आणि मोगस्टाड या तिघांचा. तिथे प्रवेश एका मध्यवर्ती यादीतून होतात, म्हणजे मुलाला पहिलं काय हवं होतं आणि ते हुकलं असतं तर दुसरं काय, दोन्ही नोंदलेलं असतं. त्यांना सापडलं की कमाईवर फरक पडतो तो विषयाचा, आणि भरपूर पडतो, त्यामानाने कुठल्या संस्थेत शिकलात याचा थोडाच. वाचून मला जरा बरं वाटलं, मग लगेच लक्षात आलं की यात मोजलाय तो पगार. रात्री अकराला दात घासताना आपण कोण आहोत असं वाटतं, ते कुठल्या कॉलममध्ये भरणार?

आणि हे भांडण टाळायची पण सोय जगात आहे. टोकियो विद्यापीठात मुलं सहा ढोबळ गटांतून आत येतात, पहिली दोन वर्षं कोमाबा नावाच्या कॅम्पसवर एकत्र शिकतात, आणि पुढचा विभाग तिथल्या मार्कांवर ठरतो. आधी नाव, विषय नंतर. ऐकायला छान वाटतं. पण आवडीचा विभाग मार्कांवर मिळणार म्हटल्यावर चुरस संपत नाही, दोन वर्षं पुढे सरकते एवढंच. स्लाइडचं बटण दोन वर्षं दाबून धरल्यासारखं.

मला जास्त छळलं ते दुसऱ्याच एका पेपरने. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोघांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं यांच्यावर एक छोटासा पेपर लिहिला होता. युक्ती अशी की प्रत्येक मुलगा आधी आपल्या पहिल्या पसंतीकडे जातो, कॉलेज त्यातले बरे वाटतील तेवढे हातात धरून ठेवतं, पण पक्कं कोणालाच करत नाही. ज्यांना नकार मिळाला ते दुसऱ्या पसंतीकडे जातात, तिथे ते सरस ठरले तर आधी धरलेल्याचा हात सुटतो, तो पुढे जातो, असं करत करत शेवटी सगळं शांत होतं. पक्कं होतं ते तेव्हा. शॅपलीला यातूनच पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ॲल्विन रॉथबरोबर. गेल २००८ ला गेले होते. जोसाचं सीटवाटप पण २०१५ पासून याच जातकुळीच्या पद्धतीने चालतं. आणि या पद्धतीची गंमत म्हणजे यात मुलाला चलाखी करून काही मिळत नाही. मिळणारच नाही म्हणून एखादं नाव खाली ढकल, सेफ म्हणून एखादं वर टाक, असले हिशोब करायची गरज नाही. मनात ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने लिही, त्यातच तुझं भलं आहे, हे गणिताने सिद्ध झालंय. इतकं सरळ, इतकं सज्जन मशीन माणसाने बनवलंय, आणि त्याची अट एकच, खरं लिही.

खरं काय ते माहीत कोणाला असतं पण?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. कपाटावरची जुनी बॅग काढली, धुळीने शिंका, आत बारावीच्या वह्या आईने दोरीने बांधून ठेवलेल्या. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना विचारायची सोय नाही, पण ती वही असेल असं वाटत होतं. केमिस्ट्रीची निघाली. मागचं पान. वर बाबांच्या तिरप्या अक्षरात दोन्ही विद्यापीठांची नावं, फी, हॉस्टेल, गाडीभाडं, नीट रेघा मारून. त्यांच्या बाजूला कुठेही बरोबरची खूण नाही, गोल नाही, काही नाही. खाली माझ्या अक्षरात "पसंती". जिऑलॉजीच्या पुढे काहीतरी आकडा होता तो गिरवून गिरवून काळा केलाय, इतका की पान मागून फुगलंय, बोट फिरवलं की लागतं. मोठ्या विद्यापीठाच्या पुढेही खाडाखोड, आणि तिच्या शेजारी नव्याने, ठळक, १. माझाच. माझा १ कायम असा, पोट मोठं आणि शेपटी आखूड, शाळेत गणिताच्या बाई त्याच्याभोवती लाल गोल करायच्या, आणि पुढे स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात त्याच्यामुळे चार मार्क गेले होते एकदा.

मी बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिलो. बाबा का हसायचे ते आठवत होतो.

तीन वाजता भाचीला फोन लावला. म्हटलं, ऐक, काल मी ब्रश करत होतो, घाईत बोललो. ती म्हणाली, मी सकाळीच केलं. काय केलंस? फ्लोट. म्हटलं, अगं पण मी तर म्हणालो होतो... "हो ना, तू इतक्या पटकन बोललास ना मामा, मला वाटलं याने विचारच केला नाहीये." ताई मागून काहीतरी बोलत होती, आवाजावरून खूश नव्हती. भाची म्हणाली, आई म्हणते घालवलीस सीट, अजून गेली पण नाहीये. मग जरा थांबून, हळू आवाजात, "मला भीती वाटतीये पण." म्हटलं, वाटणारच. आणि मग का कोण जाणे मी तिला वहीचं सांगितलं. सगळंच सांगितलं, बाबांनी ठरवलं नव्हतं तेही. ती गप्प. मग म्हणाली, फोटो पाठव.

पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं, थांबलं, परत सुरू झालं, आणि मग एवढंच आलं.

"मामा हा १ आहे की ९?"